तिवरांवर कुऱ्हाड पडलीच नव्हती

आमच्या अर्जावरून पाहणी झाली आणि आम्हाला लेखी कळवण्यात आलं की जागेवर वृक्षतोड आढळली नाही. ते खरंच होतं. चारकोपच्या मागे, मनोरी खाडीच्या एका लहान फाट्याला लागून, जवळपास हेक्टरभर तिवरं, म्हणजे कांदळवनाची झाडं, उभ्या उभ्या वाळत होती आणि त्यातल्या एकाही खोडावर कोयत्याचा घाव नव्हता. फांद्या जागच्या जागी, साल शाबूत. पानं मात्र पिवळी होऊन गळून गेलेली, आणि खाली चिखलाच्या जागी भेगाळलेली, वर मिठाचा पांढुरका थर आलेली जमीन.

चूक आमच्या अर्जात होती. ‘कांदळवनाची तोड’ असा विषय आम्ही लिहिला होता, कारण झाडं मेली म्हणजे कुणीतरी तोडलीच असणार, एवढंच आम्हाला सुचलं. अर्जात जे विचारलं त्याचंच उत्तर मिळालं. पुढची दोन वर्षं जे काही केलं ते या एका चुकीतून बाहेर पडण्यासाठीच होतं, म्हणून हे प्रकरण तपशिलात लिहून ठेवते आहे. मुंबईत आणखी कुणाच्या खिडकीखाली हेच चाललं असेल, तर त्यांचे तेवढे महिने तरी वाचावेत.

आधी जागा समजून घेऊ. चारकोप ही १९८०च्या दशकात जागतिक बँकेच्या मदतीने म्हाडाने वसवलेली वसाहत. आमच्या घरांखालीही भरावच आहे, हे मी विसरत नाही. वसाहत संपते तिथे एक मोकळी पट्टी, तिच्यापलीकडे खाजणाचा, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या दलदलीचा, जुना मातीचा बांध, आणि बांधाच्या दोन्ही अंगांना तिवरं. बांधाला मध्ये एक तोंड होतं. कधीकाळी तिथे उघाडी, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायची झडप, असावी. मी पाहिलं तेव्हा दगडांत नुसतं खिंडार उरलं होतं. खाडीकडचं पाणी भरतीला त्यातून आत यायचं आणि ओहोटीला परत जायचं. बांधावर पायवाट होती. एका वर्षी कुणाला तरी त्या पट्टीच्या टोकाला गाड्या न्यायच्या होत्या, म्हणून पायवाटेवर राडारोडा पडायला लागला. रात्री डंपर यायचे. फुटक्या लाद्या, विटांचे तुकडे, जुन्या इमारतींच्या भिंतींचे निळ्या-गुलाबी रंगाचे गिलावे. चार महिन्यांत पायवाटेचा रस्ता झाला आणि ते खिंडार त्याखाली गेलं. झाडांना कुणी हातही लावला नाही.

तिवर जगतं कसं, हे ठाऊक असतं तर आम्ही तेव्हाच ओरडलो असतो. खाडीच्या चिखलात हवा नसते. म्हणून तिवराची मुळं आडवी पसरतात आणि त्यांच्यातून पेन्सिलीएवढ्या कांड्या चिखलातून वर येतात. एका मोठ्या झाडाभोवती त्या हजारोंनी असतात. या कांड्यांना बारीक छिद्रं असतात आणि ओहोटीला त्या उघड्या पडल्या की झाड त्यांतून श्वास घेतं. म्हणजे पाणी यायलाही हवं आणि जायलाही हवं. आलंच नाही, तर उन्हाने चिखलातलं पाणी उडत जातं, मीठ मागे उरतं आणि माती समुद्राहून खारट होते. तिवर मीठ सोसतं, पानांवाटे बाहेरही टाकतं. पान जिभेला लावून पाहा, खारट लागेल. पण सोसण्यालाही हद्द असते. उलट पाणी आलं आणि आतच कोंडलं, तर कांड्या बुडून राहतात आणि झाड गुदमरतं. राडारोडा कांड्यांवर पडला तरीही तेच. तिवर मारायचे हे तीन मार्ग आहेत आणि तिन्हींत कुऱ्हाड लागत नाही.

हे मला कुठल्या पुस्तकाआधी एका कोळी काकांनी सांगितलं. ते या फाट्यात लहान होडी घेऊन पाग, म्हणजे फेकायचं जाळं, टाकायला येतात. वाळलेल्या झाडांकडे बोट करून मी विचारलं, कीड लागली का? ते बांधाकडे बघत म्हणाले, “पानी थांबला, म्हंजे तिवरांचा जीव गेला, बाय.” मग आधी आत काय काय मिळायचं ते त्यांनी मोजून सांगितलं: बोय, कोळंबीची पिल्लं, पावसाळ्यात चिंबोऱ्या, एखाद्या वेळी जिताडा. हे मासे खाडीत मिळतात ते आतल्या तिवरांत वाढून बाहेर येतात म्हणून. त्यांच्या लेखी बांधाच्या आतला तो हेक्टर म्हणजे खाडीची कूस होती, आणि ती बंद झाल्याला तेव्हा सात-आठ महिने झाले होते.

दुसरा अर्ज लिहिण्याआधी आम्ही ठरवलं की या वेळी झाडांचा नव्हे, पाण्याचा पुरावा गोळा करायचा. आमच्यातल्या एका इलेक्ट्रिशियनने वायरिंगचे दोन जाड प्लास्टिकचे पाइप आणले. दोन्हींवर दर वीतभर अंतरावर लाल रंगाचा पट्टा ओढला. एक पाइप बांधाच्या खाडीकडच्या बाजूला रोवला, दुसरा आत, दोन्हींचा तळ पाण्याच्या नळीने एका पातळीत धरून. दिवस निवडला होळी पौर्णिमेचा, कारण पौर्णिमेला उधाण, म्हणजे सगळ्यात मोठी भरती, असतं आणि मुंबईत उधाणाची भरती दुपारच्या सुमाराला पूर्ण होते. मी बाहेरच्या पाइपाशी, दुसरा एक जण आतल्या पाइपाशी, आणि मध्ये मोबाइल चालू. बाहेरचं पाणी पहिला पट्टा, दुसरा पट्टा करत चढत गेलं. आतून दर वेळी एकच उत्तर: कोरडं. बाहेर पाचवा पट्टा बुडाला तेव्हा आतल्या पाइपाच्या बुडाशी भेगांमध्ये फक्त ओल दिसायला लागली होती. दर पंधरा मिनिटांनी दोन्हीकडचे फोटो घेतले, वेळेसकट.

त्याच संध्याकाळी आमच्याच वसाहतीतली मुलं होळीसाठी वाळलेली तिवरं तोडायला आली. मेलेलीच तर आहेत, त्यात काय, असं त्यांचं म्हणणं. त्यांना समजावलं की एकही फांदी हलली तर उद्या कागदावर येईल की झाडं रहिवाशांनीच तोडली. मुलं समजूतदार निघाली, दुसरीकडून लाकूड आणलं. मेलेली झाडं उभी राहण्याचा पुढे आणखी एक उपयोग झाला, तो नंतर सांगते.

पहिल्या पाहणीत काही दिसलं नाही त्याचं दुसरं कारणही याच मोजणीत सापडलं. कोकण किनाऱ्यावर जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता, म्हणजे बारा वाजता ओहोटी. शिवाय अष्टमीला भांग, पाणी मुळातच कमी चढतं. पंचांग काढून पाहिलं तर पहिली पाहणी नेमकी अष्टमीच्या दुसऱ्या दिवशी, कचेरी उघडल्यावर, दुपारी बाराच्या आसपास झाली होती. त्या वेळी बांधाच्या दोन्ही बाजू कोरड्याच असतात. अडवलेलं पाणी पाहायचं असेल तर पाणी आलेलं असताना जायला हवं. हे लिहिताना फार उघड वाटतं, पण कुठल्याही कार्यालयाच्या पाहणीची वेळ भरती बघून ठरत नाही, आणि आम्हीही तशी मागणी केली नव्हती.

आता कायद्याकडे. मुंबई उच्च न्यायालयात बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुप या संस्थेने २००४ साली याचिका केली होती. त्या याचिकेवर ६ ऑक्टोबर २००५ रोजी अंतरिम आदेश आला: राज्यभर कांदळवनांचा नाश थांबवा, त्यांवर राडारोडा आणि कचरा टाकणं बंद करा, त्यांच्याभोवती ५० मीटरमध्ये बांधकाम नको. १७ सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालाने कांदळवनांच्या नाशाचा संबंध नागरिकांच्या जगण्याच्या मूलभूत हक्काशी जोडला आणि नष्ट झालेली कांदळवनं पूर्ववत करण्याची जबाबदारी सरकारवर टाकली. त्याआधी २०१२ मध्ये वनविभागात कांदळवन कक्ष सुरू झाला होता. एवढं सगळं आपल्या बाजूने असताना झाडं मरतात कशी? आमच्या बाबतीत उत्तर नकाशावर होतं. झाडं वनाच्या हद्दीत होती, बांध हद्दीबाहेर होता. रेषा झाडांभोवती काढलेली होती. ज्या वाटेने त्या झाडांना पाणी येतं ती वाट रेषेबाहेर राहिली होती, आणि रेषेबाहेरच्या जमिनीबद्दल एक कार्यालय दुसऱ्याकडे बोट दाखवत होतं. आमचा अर्ज चार टेबलांवरून फिरून पहिल्या टेबलावर आला तेव्हा पाच महिने गेले होते. उन्हाळ्याचे पाच महिने.

नवी मुंबईत नेरूळच्या फ्लेमिंगोंच्या तलावाचंही असंच झालं. तिथेही खाडीचं पाणी आत येण्याची वाट अडली, २०२४ साली तलाव सुकला आणि खाण्याच्या शोधात भरकटलेले काही पक्षी मेले. फ्लेमिंगो मेले की बातमी होते. आमच्याकडे निवट्या, म्हणजे चिखलावर उड्या मारणारे लहान मासे, आणि खेकडे मेले होते.

वसाहतीतून सह्या मिळवणं सुरुवातीला जड गेलं. बहुतेकांचं म्हणणं: तिवरं गेली तर बरंच, डास कमी होतील. यावर भाषण करून काही झालं नसतं. एका रविवारी सात-आठ जणांना घेऊन बांधावर गेलो. बाहेरच्या अंगाला पाणी वाहतं होतं, त्यात बोटाएवढे मासे होते. आतल्या अंगाला राडारोड्याच्या खड्ड्यांत पावसाचं साचलेलं पाणी होतं आणि ते डासांच्या अळ्यांनी वळवळत होतं. डास तिवरांमुळे होत नव्हते, पाणी अडल्यामुळे होत होते. त्या आठवड्यात एकशे सत्तर सह्या झाल्या. पुढच्या अर्जाचा विषय आम्ही लिहिला: ‘भराव टाकून भरतीच्या पाण्याचा प्रवाह अडवल्याने कांदळवनाचा नाश होत असल्याबाबत’. सोबत पाइपांचे फोटो, वेळा, भरती-ओहोटीचा तक्ता, आणि ठळक अक्षरांत विनंती की पाहणी अमावास्येला किंवा पौर्णिमेला दुपारी एकच्या सुमाराला व्हावी.

या वेळी आलेला वनरक्षक तरुण होता. तो सांगितलेल्या वेळेला आला, बूट काढून पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि बाहेरच्या पाइपाशी स्वतः उभा राहिला. अर्ध्या तासात त्याला जे दिसायचं ते दिसलं. त्याने पंचनाम्यात पाण्याच्या दोन्ही पातळ्या लिहिल्या. या संपूर्ण प्रकरणात निर्णायक काय ठरलं असं कुणी विचारलं तर मी ती दोन वाक्यं दाखवेन. त्यानंतर भराव फोडून पाण्यासाठी पाइप टाकायचा निर्णय तीन महिन्यांत झाला.

आणि मग आमची दुसरी मोठी चूक झाली. पाइप पडला तेव्हा आम्ही पेढे वाटले, फोटो पाठवले, आणि पाइप कुठल्या पातळीला बसतो आहे हे कुणीच पाहिलं नाही. तो बसवला होता वरच्या रस्त्याच्या सोयीने. त्याचा तळ खाडीच्या तळापेक्षा जवळजवळ दोन हात वर होता. पुढच्या उधाणाला पाणी धो धो आत आलं. बघून डोळे भरून आले. ओहोटी लागली, बाहेरची खाडी खाली गेली आणि आतलं पाणी पाइपाच्या तळाशी येऊन थांबलं ते थांबलंच. दोन हात पाणी आत कोंडलं. भांगाच्या दिवसांत नवं पाणी येईना, जुनं जाईना. श्वास घेणाऱ्या त्या कांड्या अहोरात्र पाण्याखाली राहिल्या. कोरडेपणातून कशीबशी वाचलेली, शेंड्याला हिरवी असलेली काही झाडं त्या पंधरा-वीस दिवसांत काळी पडली. त्यांच्या मरणात आमचाही वाटा आहे आणि त्याचं वाईट मला आजही वाटतं. पाणी आलं पाहिजे, एवढंच आम्ही लावून धरलं. पाणी गेलंही पाहिजे, हे सांगायला विसरलो.

दुसऱ्या खेपेला काका सोबत होते. अनवाणी पायांनी ते आतल्या चिखलात हळूहळू चालत गेले आणि जिथे पाय खोल रुतला तिथे तिथे आम्हाला काठ्या रोवायला लावल्या. वरून सगळीकडे सारखाच दिसणारा चिखल, पण काठ्या मागे वळून पाहिल्या तर त्यांची नागमोडी ओळ थेट जुन्या खिंडाराकडे जात होती. ती आतली मूळची चर होती, गाळाने बुजलेली. नवे दोन मोठे सिमेंटचे पाइप त्या चरीच्या तळाला, शेजारी शेजारी बसवले. आतली चर यंत्राशिवाय, फावड्याने मोकळी केली, कारण जेसीबी आत गेला असता तर उरलीसुरली मुळं दाबली गेली असती. चार रविवार गेले. या वेळी उधाणाला पाणी आलं आणि ओहोटीला चिखलावर ओल्या रेघा सोडत सगळं निघून गेलं. पेढे कुणी आणले नाहीत. सगळे तासभर तिथेच बसून पाणी जाताना बघत राहिले.

यानंतर रोपं लावायचा आग्रह बऱ्याच जणांनी धरला. २६ जुलै हा आंतरराष्ट्रीय कांदळवन दिवस. मुंबईकराला ती तारीख २००५ च्या पुराची म्हणून आठवते. सांताक्रूझला त्या एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. त्या दिवशी कार्यक्रम करू, शाळेची मुलं आणू, शंभर रोपं लावू, अशी सूचना आली. मी विरोध केला आणि काही जण त्यावरून अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. पण माझं मत पक्कं आहे. पाण्याची वाट मोकळी असेल तर तिवराला आपण लावायची गरज नसते. पावसाळ्यात त्याची फळं पिकून पाण्यात पडतात, बी झाडावर असतानाच अंकुरायला लागलेलं असतं, भरती ते आत आणते आणि जिथे थारा मिळेल तिथे ते रुजतं. कुठल्या उंचीवर कोण जगेल हे पाणी ठरवतं. आपण ओळीत लावलेली रोपं बहुतेक चुकीच्या उंचीवर लागतात. शेवटी एका कोपऱ्यात तीस रोपं लावली गेली. त्यातली चार राहिली.

आपण न लावलेली किती आली? पहिल्या पावसाळ्यानंतर चरीच्या दोन्ही काठांना, दोन-दोन पानांची, बोटभर उंचीची रोपं दिसली. दुसऱ्या पावसाळ्यानंतर मोजायचं आम्ही सोडून दिलं. इथे त्या उभ्या मेलेल्या झाडांचा उपयोग झाला. त्यांच्या बुंध्यांशी आणि जुन्या कांड्यांच्या जाळ्यात तरंगतं बी अडकायचं, आणि सगळ्यात दाट रोपं तिथेच उगवली. मुलांनी ती झाडं होळीला नेली असती तर बी ओहोटीबरोबर परत खाडीत गेलं असतं. रोपांच्याही आधी निवट्या आल्या, चिखलावर उड्या मारत. मग एक नांगी मोठी असलेले लाल खेकडे. त्यांच्या बिळांतून चिखलात हवा जाते, त्यामुळे त्यांना बघून मला रोपांइतकाच आनंद झाला. हिवाळ्यात तुतवार आणि शेकाटे हे पाणपक्षी आले. एका पहाटे ओल्या चिखलात कुत्र्यापेक्षा लहान, नेटके पंजे उमटलेले दिसले. कोल्हा असावा, असं काका म्हणाले. या भागातल्या कांदळवनांत सोनेरी कोल्हे आहेत, पण मी स्वतः अजून पाहिलेला नाही.

जुन्या झाडांपैकी साधारण एक तृतीयांश वाचली. बाकीची गेली ती गेली. तेवढी उंची नव्या रोपांना गाठायला माझं आयुष्य पुरणार नाही.

सुटलं नाही ते हे. राडारोडा कुणी टाकला, ते कागदावर आलेलं नाही आणि कुणाला दंड झालेला नाही. पट्टीच्या कडेचा ढीग अजून तसाच आहे, पावसात त्यातली माती धुपून चरीत येते, म्हणून वर्षातून एकदा फावडी घेऊन जावं लागतं. वर्सोव्याहून दहिसर-भाईंदरकडे जाणारा सागरी किनारा रस्ता याच बाजूच्या कांदळवनांतून जाणार आहे. किती झाडं तोडणार आणि त्याबदली किती लावणार, यावर सगळी चर्चा चालते. माझा प्रश्न वेगळा आहे: खांब उभारण्यासाठी यंत्रं आत नेताना जो तात्पुरता भराव पडेल, त्याखाली किती चरी बुजतील, त्या कोण मोजतं आहे आणि काम झाल्यावर कुठल्या पातळीपर्यंत मोकळ्या करून देणार? तोडलेली झाडं निदान यादीत येतात. पाणी अडून नंतर चार वर्षांत वाळलेली झाडं कुठल्याच यादीत नसतात. याच विषयाचा अर्ज आम्ही आता तयार केला आहे, आणि त्यात भरतीच्या वाटांचा नकाशा मागितला आहे.

गेल्या अमावास्येला नोंदीसाठी गेले होते. आतला पाइप अजून उभा आहे, पण लाल पट्टे दिसेनात. तिसऱ्या पट्ट्यापर्यंत त्याला कालवं चिकटली आहेत. फोटोत पट्टे यावेत म्हणून मी खिशातली चावी काढून खरवडायला लागले, तर होडीतून काका ओरडले, “ऱ्हाऊ दे, बाय.” मग कालवांसकटच फोटो काढला. फाइलमध्ये तो त्रेसष्टावा.